बडोद्याचे मराठे आणि स्पेनचे गॉथ

आपल्या गावच्या देवळातील बाप्तिस्म्याची जुनी वही चाळून पाहिली, तर रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्सालविस, आल्वारिस ही आडनावे पानापानांवर आढळतात. ती पोर्तुगीजांकडून आली, हे घरोघरी ठाऊक आहे. इ.स. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहा सुलतानाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि पुढील दोनशे वर्षांत ही नावे आपल्या घराण्यांत रुजली. परंतु पोर्तुगीजांस ती कोठून मिळाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

ही नावे लॅटिन नव्हेत. ती गॉथ नावाच्या जर्मानिक लोकांची आहेत. ‘रोद्रिगो’ या नावात कीर्ती आणि सत्ता असे दोन शब्द दडलेले आहेत, ‘फर्नांदो’मध्ये धाडस आहे, ‘गोन्सालो’मध्ये युद्ध आहे. शेवटचा ‘इस’ हा प्रत्यय ‘त्याचा पुत्र’ एवढेच सांगतो. म्हणजे भातशेती आणि पानवेली करणारा आपला एखादा शांत स्वभावाचा गोन्सालविस कुटुंबप्रमुख, नावापुरता तरी, एका लढवय्याचा पुत्र आहे! ज्या लोकांनी ही नावे प्रथम उच्चारली त्यांची भाषा आज जगाच्या पाठीवर कोणीही बोलत नाही. राज्य करावयास गेलेल्या त्या लोकांची भाषा गेली आणि नावे तेवढी उरली, हे कसे घडले?

हा प्रश्न दूरच्या युरोपपुरता नाही. आपल्या अगदी शेजारी, गुजरातेत, बडोदे शहरी आपलेच मराठी भाषिक लोक अशाच रीतीने गेले, राज्यकर्ते झाले आणि स्थायिक झाले. त्यांस तेथे जाऊन जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. त्यांची भाषा मात्र अद्याप घरात टिकून आहे. या दोन कहाण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर परमुलखी गेलेल्या माणसाची भाषा कशाने टिकते आणि कशाने जाते, याचा काही उलगडा होतो. आज आपल्या गावांतूनही मुले सुरत, दमण आणि आखाती देश येथवर पोटासाठी जात असताना हा उलगडा निरुपयोगी ठरू नये.

प्रथम गॉथांविषयी थोडक्यात सांगावयास हवे. चौथ्या शतकात हे लोक डॅन्यूब नदीच्या उत्तरेस राहत असत. पूर्वेकडून हूणांची लाट आली, तेव्हा इ.स. ३७६ साली त्यांनी नदीपलीकडच्या रोमन साम्राज्यात आश्रय मागितला. आश्रय मिळाला, अन्न मात्र मिळाले नाही. रोमन अधिकाऱ्यांनी उपाशी निर्वासितांस कुत्र्याचे मांस विकले आणि एका कुत्र्याच्या बदल्यात एक माणूस गुलाम म्हणून घेतला, असे त्या काळचा रोमन इतिहासकार आमियानुस लिहून ठेवतो. दोन वर्षांतच या उपासमारीचे पर्यवसान बंडात झाले आणि एड्रियानोपलच्या रणांगणावर खुद्द सम्राट व्हालेन्स मारला गेला. इ.स. ४१० साली गॉथांनी रोम लुटले. त्या लुटीतही संत पेत्र आणि संत पौल यांच्या मंदिरांत आश्रय घेतलेल्यांस त्यांनी हात लावला नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल. कारण गॉथ तोवर ख्रिस्ती झाले होते. अखेर इ.स. ४१८ च्या सुमारास रोमनांनीच त्यांस आजच्या फ्रान्सच्या नैऋत्य भागात वसविले. तेथून ते स्पेनमध्ये पसरले आणि तोलेदो ही त्यांची राजधानी झाली.

आता गुजरातेकडे वळू. शिवाजी महाराजांनी इ.स. १६६४ आणि १६७० साली सुरतेवर स्वारी केली, तेव्हा मराठ्यांस गुजरातेत राहावयाचे नव्हते. आलेली फौज परत गेली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी तळेगावचे खंडेराव दाभाडे हे गुजरातेत मोहिमा करू लागले. त्यांच्या हाताखाली दावडी या पुणे प्रांतातील गावचे गायकवाड होते. गायकवाड या आडनावाची एक कथा सांगतात की, कसायाकडे चाललेल्या गायींस त्यांच्या एका पूर्वजाने आपल्या कवाडाआड घेऊन वाचविले, म्हणून ते गायकवाड. कथा खरी असो वा नसो, घराण्याने ती अभिमानाने मिरविली.

दमाजी गायकवाडांनी इ.स. १७२० साली बाळापूरच्या लढाईत पराक्रम गाजविला आणि ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळविला. त्यांच्यामागून पुतणे पिलाजीराव पुढे आले. पिलाजीरावांनी खानदेशाच्या सरहद्दीवरील डोंगराळ मुलखात सोनगड हा किल्ला हस्तगत करून तेथे ठाणे केले आणि त्या भागातील भिल्ल व कोळी लोकांशी मैत्री जोडली. आज हे सोनगड गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. दरसाल पावसाळा संपला की फौज खाली मैदानात उतरे, चौथाई वसूल करी आणि परत गडावर येई. इ.स. १७३२ साली मोगलांचा सुभेदार, मारवाडचा राजा अभयसिंह, याने बोलणी करण्याच्या निमित्ताने डाकोर येथे पिलाजीरावांचा घात करविला. मराठे आता परत जातील असा त्याचा होरा असावा. घडले उलटेच. इ.स. १७३४ साली पिलाजीरावांचे बंधू महादजी यांनी बडोदे जिंकले, आणि तेव्हापासून संस्थान विलीन होईपर्यंत ते शहर गायकवाडांच्या हातून गेले नाही. पिलाजीरावांचे पुत्र दमाजीराव पानिपतच्या रणातून इ.स. १७६१ साली जिवंत परतले आणि त्यांनी पाटण येथे राजधानी नेली. त्यांच्या पश्चात राजधानी बडोद्यास आली.

येथे गॉथ आणि मराठे यांच्यातील एक साम्य लक्षात येण्याजोगे आहे. आधी स्वारी, नंतर वार्षिक वसुली, त्यानंतर वस्ती, असा दोघांचाही क्रम आहे. मराठ्यांनी महसुलाचा चौथा हिस्सा आणि त्यावर दहावा हिस्सा सरदेशमुखी मागितली. गॉथांस रोमन जमीनदारांच्या उत्पन्नातून कोठे एक तृतीयांश, कोठे दोन तृतीयांश वाटा ठरवून देण्यात आला. तो वाटा जमिनीचा होता की जमिनीवरील कराचा, यावर इतिहासकारांत आजही वाद चालू आहे. चौथाई म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक असल्याने तो वाद युरोपियनांपेक्षा मराठी वाचकास अधिक सहज समजावा! जमीन कसणारा जागच्या जागी राहिला, धान्याची वाट मात्र बदलली.

फौजेच्या मागोमाग इतर माणसे आली. शिलेदार आणि पागेदार आले. हिशेब ठेवण्यास कारकून व फडणीस आले. भिक्षुक, वैद्य, कीर्तनकार आले. कोकणातून चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानची दिवाणगिरी रावजी आप्पाजी या प्रभू गृहस्थांकडे होती. दफ्तरात मोडी लिपी चाले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास सुभा आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यास वहिवटदार म्हणत, आणि ही नावे गुजराती शेतकऱ्याच्या तोंडी बसली. शहरात गुजराती पोळींच्या शेजारी मराठी वाडे उभे राहिले. दांडिया बाजार, रावपुरा आणि सुरसागर तलावाचा परिसर येथे मराठी वस्ती दाट झाली. आजही शहराच्या नकाशावर खंडेराव मार्केट, सयाजीगंज, फत्तेगंज, प्रतापगंज ही नावे ठळक आहेत, आणि कार्तिकी एकादशीस मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून देवाची मिरवणूक निघते ती पाहावयास गुजराती आणि मराठी लोकांची एकच दाटी होते.

खाण्याच्या बाबतीत तर तडजोड फारच गोड झाली. बडोद्याच्या रस्त्यावरचा लाडका पदार्थ कोणता असे विचारले, तर कोणीही ‘सेव उसळ’ म्हणून सांगेल. उसळ महाराष्ट्रातून आली, वरची शेव गुजरातेची, आणि खाणाऱ्यास त्याचे काही सोयरसुतक नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे यावे. स्पेनमध्ये गॉथ भाषा का बुडाली?

ती काही दुबळी भाषा नव्हती. जर्मानिक भाषांपैकी पवित्र शास्त्राचे भाषांतर सर्वप्रथम तिच्यातच झाले. चौथ्या शतकात वुल्फिला नावाचा बिशप होऊन गेला. त्याचे पूर्वज गॉथांनी आशिया मायनरमधून धरून नेलेले ख्रिस्ती कैदी होते. त्याने गॉथ लोकांसाठी लिपी तयार केली आणि बायबल त्यांच्या भाषेत आणले. राजांचे ग्रंथ तेवढे त्याने गाळले. हे लोक आधीच लढाईचे भुकेले, त्यांस युद्धकथा आणखी कशाला, असा त्याचा विचार होता, असे एक जुना लेखक सांगतो. या भाषांतराची सहाव्या शतकात इटलीत लिहिलेली एक प्रत जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईने लिहिलेली आहे. तिच्या ३३६ पानांपैकी १८७ पाने स्वीडनमधील अप्साला येथे जपून ठेवलेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी इ.स. १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण छापून जे केले, त्याच जातीचे हे कार्य होय. अंतर एवढेच की, ख्रिस्तपुराण वाचणारे, कळणारे लोक अद्याप आहेत.

गॉथ हे एरियन मताचे ख्रिस्ती होते. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, असे ते मत सांगे, आणि म्हणून कॅथलिक स्पॅनिश प्रजेहून त्यांची मंदिरे वेगळी होती. त्यांच्या आणि प्रजेच्या विवाहसंबंधांस कायद्याने बंदी होती. ही दोन कुंपणे होती तोवर भाषेस आसरा होता. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा लेओविगिल्ड याने विवाहबंदी उठविली. त्याचा पुत्र रेकारेड याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, आणि इ.स. ५८९ साली तोलेदोच्या तिसऱ्या धर्मपरिषदेत गॉथांचा ख्रिस्तसभेत जाहीर प्रवेश झाला. श्रद्धेची एकता झाली, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु गॉथ भाषेच्या उपासनेस आता जागा उरली नाही. घरात सून लॅटिनची बोली बोलणारी आणि देवळात लॅटिन प्रार्थना, मग गॉथ शब्द मुलाच्या कानी पडावा कोठून? इ.स. ७११ साली मुसलमानी फौजांनी जे गॉथ राज्य बुडविले, त्याच्या अखेरच्या राजाचे नाव रोद्रिगो होते. पण तो गॉथ भाषा बोलत असे, असे मानावयास आधार नाही.

आणखीही एक कारण होते. स्पेनमधील गॉथांस मागे मायदेश नव्हता. डॅन्यूबकाठचे घर हूणांनी कधीच मोडले होते. तेथून कोणी नवा माणूस, नवी सून, नवे पुस्तक येण्याची शक्यता नव्हती. काळ्या समुद्राकाठी क्रिमियात काही गॉथ मागे राहिले होते. सोळाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमधील एका युरोपीय वकिलाने त्यांच्या बोलीतील काही शब्द टिपून घेतले. स्पेनमध्ये त्या वेळी या भाषेची आठवणही राहिली नव्हती.

बडोद्यास याच्या नेमके उलट होते. दावडी, पुणे, सातारा, कोकण या वाटा कधी बंद झाल्या नाहीत. पेशवे आणि गायकवाड यांच्यातील पैशाच्या भांडणाची तडजोड करावयास गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याहून पुण्यास आले आणि इ.स. १८१५ साली पंढरपुरात त्यांचा खून झाला, ही दुःखद घटनाही या वाटेवरील वर्दळीचीच साक्ष देते. पण खरा आधार सुनांचा होता. बडोद्याचे मराठी घराणे मुलासाठी मुलगी पाहावयास आपल्या जातीत, आपल्या भाषेत जाई. महाराज सयाजीराव यांची पहिली पत्नी थेट तंजावरहून आली. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर दक्षिणेकडे गेलेल्या मराठ्यांची ती लेक, आणि उत्तरेकडे गेलेल्या मराठ्यांच्या घरी इ.स. १८८० साली ती सून झाली. तिच्यासोबत तंजावरचे नर्तक आणि वादकही बडोद्यास आले. महाराजांची दुसरी पत्नी देवासहून, म्हणजे माळव्यातील मराठी घराण्यातून आली. राजवाड्यात जे घडे, तेच लहान प्रमाणावर कारकुनाच्या घरी घडत असे. नवी सून आपल्याबरोबर ओव्या, उखाणे, पुरणपोळीची रीत आणि मराठी बोली घेऊन येई, आणि मुलाचे पहिले शब्द तिच्या तोंडचे असत.

या व्यवस्थेचे निखळ कौतुक करणे मात्र कठीण आहे. ज्या भिंतीने भाषा राखली ती जातीची भिंत होती, आणि तिनेच बडोद्याच्या मराठी माणसास गुजराती शेजाऱ्याच्या चुलीपासून दूर ठेवले. इ.स. १९१७ साली डॉ. आंबेडकर विलायतेहून परतून संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा महाराजांनीच शिष्यवृत्ती देऊन शिकविलेल्या या विद्वानास शहरात राहावयास जागा मिळेना, आणि त्यांना परत जावे लागले. भिंत जशी भाषेभोवती असते, तशी माणसाभोवतीही असते.

या साऱ्या इतिहासात सयाजीरावांची भूमिका विशेष विचार करण्याजोगी वाटते. ते मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातले गोपाळराव. इ.स. १८७५ साली दत्तक घेतले गेले तेव्हा त्यांस लिहिता वाचता येत नव्हते. मग मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांचे शिक्षण त्यांस देण्यात आले. पुढे हाती सत्ता आल्यावर त्यांनी राज्यकारभारात रयतेची भाषा, म्हणजे गुजराती, चालविली. राजा मराठी, त्याचे सरदार मराठी, आणि हुकूम गुजरातीत! जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांच्या भाषेपुढे आपण होऊन वाट सोडावी, असा प्रकार इतिहासात विरळा. इटलीतील लोंबार्ड राजांनीही इ.स. ६४३ साली आपले कायदे स्वतःच्या भाषेत न लिहिता लॅटिनमध्ये लिहिले खरे. पण त्यांची भाषा तोवर लिहिली जातच नव्हती. सयाजीरावांस मराठी लेखनाची उणीव नव्हती. इ.स. १८९३ साली अमरेली भागात आणि इ.स. १९०६ साली सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते शेतकऱ्याच्या मुलास समजेल अशा भाषेत असल्यावाचून चालणारच नव्हते.

असे असूनही त्यांनी मराठीस अंतर दिले नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांच्या नोकरीत घालविली. मराठी ग्रंथांच्या माला संस्थानने प्रसिद्ध केल्या. इ.स. १९०९, १९२१ आणि १९३४ या साली मराठी साहित्य संमेलने बडोद्यास भरली. इ.स. १९३१ साली संस्थानने ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध केला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांस गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी दिलेले आहेत. एकाच ओळीत इतक्या भाषा बसविणाऱ्या या ग्रंथात त्या राजाचे मन स्वच्छ दिसते.

सयाजीराव इ.स. १९३९ साली वारले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले. बडोद्याचा मराठी माणूस त्या दिवशी राज्यकर्त्यांच्या नात्यातला राहिला नाही. तो गुजरातेतील एक अल्पसंख्य भाषिक झाला. इ.स. १९७४ साली शहराचे ‘वडोदरा’ हे नाव अधिकृत झाले. मराठी बोलणारा आजही ‘बडोदे’च म्हणतो, आणि वडाच्या झाडावरून पडलेल्या या नावाचे दोन्ही उच्चार त्याच्या घरात नांदतात.

स्पेनच्या गॉथांची भाषा सत्ता जाण्यापूर्वीच गेली. बडोद्यात सत्ता गेली आणि भाषा मागे राहिली, हे खरोखर अपवादात्मक आहे. जर्मानिक लोकांतच पाहिले तर आंग्ल आणि सॅक्सन यांची भाषा नव्या भूमीत फोफावली, आणि तीच आजची इंग्रजी. ते फौज घेऊन नव्हे, तर बायकामुलांसह मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये उतरले, असे आता दिसते. इ.स. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांची अनुवंशिक तपासणी केली गेली. त्या काळच्या पूर्व इंग्लंडातील लोकांचा सुमारे तीन चतुर्थांश वंश उत्तर युरोपच्या किनाऱ्याकडून आलेला तिच्यात आढळला, आणि आलेल्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. जेथे आई आली तेथे भाषा आली. बडोद्याच्या सुनांची गोष्ट येथेही लागू पडते.

पुढे काय होईल हे आताच सांगता येत नाही. इ.स. २०१८ साली, चौऱ्याऐंशी वर्षांच्या खंडानंतर, मराठी साहित्य संमेलन पुन्हा बडोद्यास भरले. त्याच शहरात मराठी घरांतील पुष्कळ मुले आज गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजीशी मराठीत, मित्रांशी गुजरातीत आणि शाळेत तिसऱ्याच भाषेत बोलतात. जातीची जुनी भिंत आता पूर्वीसारखी उंच नाही, आणि मराठी घरात गुजराती सून, गुजराती घरात मराठी सून येणे नवलाचे राहिलेले नाही. लेओविगिल्डने विवाहबंदी उठविली तेव्हा तोलेदोच्या घरांत असेच काही सुरू झाले असेल. मात्र त्या घरांच्या मागे मायदेश नव्हता. बडोद्याहून निघणारी गाडी काही तासांत विरार-वसई ओलांडून मुंबईस पोहोचते.